तंत्रज्ञान-वस्तूंची पुनर्विक्री: व्यवसायाची वाढ आणि स्वतःची कारकीर्द
(रायपूरच्या बाजारपेठेच्या आधारे)

घटकाची उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

- संगणक, प्रिंटर, कॅमेरे, सॉफ्टवेअर अशा वस्तू उत्पादकाकडून ग्राहकापर्यंत कशा पोहोचतात आणि त्या साखळीत पुनर्विक्रेत्याची जागा कोणती, हे सांगता येईल.
- एखाद्या व्यवहारातला कागदावरचा नफा आणि हातात पडणारी रक्कम यांतला फरक मांडता येईल.
- सरकारी खरेदी, जीएसटी आणि सूक्ष्म-लघु उद्योगांविषयीच्या नियमांपैकी पुनर्विक्रेत्याला लागू होणारे आणि न होणारे नियम ओळखता येतील.
- नोकरी आणि व्यवसाय यांचा मेळ घालताना कारकीर्द सुरक्षित कशी ठेवायची, याचा विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

रायपूरच्या जयस्तंभ चौकाजवळच्या रवि भवनात तुम्ही गेला असाल, तर मोबाइल, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची शेकडो छोटी दुकाने एकमेकांना खेटून उभी असलेली पाहिली असतील. तुमच्या गावातही असा एखादा बाजार असेलच. तिथे बहुतेक प्रत्येक दुकानात तीच वस्तू, त्याच डब्यात, जवळजवळ त्याच भावात मिळते. मग एक दुकान वीस वर्षे टिकते आणि शेजारचे दोन वर्षांत बंद पडते, असे का होते? या घटकात आपण याच प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत.

पुनर्विक्री म्हणजे दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकत घेऊन, तिच्यात काही सेवा मिळवून किंवा न मिळवता, पुढे विकणे. वस्तू आपली नसते, तिची किंमत आपण ठरवत नाही आणि तिची हमीही मूळ कंपनीची असते. मग आपले असे काय उरते? ग्राहकाचा विश्वास, वेळेवर मिळणारी सेवा आणि पैशाचे नियोजन. पुनर्विक्रेत्याचा सगळा धंदा या तीन गोष्टींवर उभा असतो.

अनेक पदवीधर या क्षेत्रात फारसे न ठरवताच येतात. महाविद्यालयात असताना मित्रांना लॅपटॉप मिळवून देणे, एखाद्या दवाखान्यात कॅमेरे बसवून देणे, अशी सुरुवात होते. पुढे ती नोकरीबरोबर चालू राहते. एक दिवस मोठी ऑर्डर येते आणि नोकरी सोडावी का, हा प्रश्न समोर उभा राहतो. त्या दिवशी भावनेऐवजी हिशेबाने निर्णय घेता यावा, यासाठी हा पाठ आहे.

२. रायपूरची बाजारपेठ समजून घेऊ

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले आणि रायपूर राजधानी झाली. नवे राज्य म्हणजे नवे सचिवालय, नवी संचालनालये, नवी महामंडळे. आणि त्या प्रत्येकाला संगणक, प्रिंटर, नेटवर्क हवेच. पाठोपाठ संस्था आल्या. १९५६ मध्ये खनिकर्म आणि धातुशास्त्राचे महाविद्यालय म्हणून सुरू झालेली संस्था २००५ मध्ये एनआयटी झाली. २०१० मध्ये आयआयएम, २०१२ मध्ये एम्स आणि २०१५ मध्ये नवा रायपूरमध्ये ट्रिपल आयटी सुरू झाली. दुसऱ्या बाजूला उरला आणि सिलतरा येथील स्पंज आयर्न व रोलिंग मिलचे कारखाने आणि जवळच भिलाईचा पोलाद कारखाना आहे.

विक्रेत्याच्या नजरेने पाहिले, तर या शहरात चार वेगवेगळे ग्राहक आहेत.

1. सरकारी कार्यालये व संस्था: ऑर्डर मोठी, नफ्याचा दर कमी, पैसे येण्याची तारीख अनिश्चित.
2. कारखाने: वजनकाट्यावरचा संगणक, फाटकावरचे कॅमेरे, हजेरीचे यंत्र. यंत्र बंद पडले तर ट्रक अडून राहतात, म्हणून इथे भावापेक्षा तत्पर सेवेला किंमत असते.
3. छोटे व्यावसायिक: सनदी लेखापाल, दवाखाने, शाळा, दुकाने. ऑर्डर लहान, पण पैसे बहुधा लवकर येतात आणि ग्राहक वर्षानुवर्षे टिकतो.
4. घरगुती ग्राहक: मोबाइलवर ऑनलाइन भाव दाखवूनच बोलायला सुरुवात करतो.

रायपूरला मराठी माणसे नवीन नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे मराठी कुटुंबे आहेत. तात्यापारा परिसर आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ ही त्यांची ओळखीची ठिकाणे. पहिले दहा ग्राहक अशाच ओळखीतून मिळतात. अकरावा मात्र पहिल्या दहा जणांचे काम कसे झाले, हे विचारून येतो.

३. मालाची साखळी आणि त्यातली मिळकत

तंत्रज्ञानाच्या वस्तू साधारण अशा मार्गाने येतात: उत्पादक कंपनी, राष्ट्रीय वितरक, प्रादेशिक वितरक किंवा मोठा विक्रेता, पुनर्विक्रेता, ग्राहक. भारतात रेडिंग्टन, इन्ग्रॅम मायक्रो, सेव्हेक्स, रशी पेरिफेरल्स हे मोठे राष्ट्रीय वितरक आहेत.

या साखळीत नफ्याचे प्रमाण किती पातळ असते, याचे एक उदाहरण पाहू. १९८९ मध्ये मुंबईत सुरू झालेली रशी पेरिफेरल्स ही कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. २०२२-२३ या वर्षात तिची उलाढाल सुमारे ९,४५० कोटी रुपये आणि निव्वळ नफा सुमारे १२३ कोटी रुपये होता. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे साधारण एक रुपया तीस पैसे. देशभर गोदामे असलेल्या कंपनीची ही स्थिती असेल, तर रायपूरच्या एका दुकानाने फक्त डबा इकडून तिकडे सरकवून श्रीमंत होण्याची अपेक्षा ठेवू नये.

पुनर्विक्रेत्याची मिळकत चार ठिकाणांहून येते.

- खरेदी-विक्रीतला फरक. हा सगळ्यांना दिसतो, म्हणून तो सतत कमी होत जातो.
- तिमाही योजनांची सूट. ठरलेले टार्गेट पुरे केले की कंपनी किंवा वितरक नंतर रक्कम देतात. इथे एक सापळा आहे. टार्गेट गाठण्यासाठी तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात गरज नसलेला माल उचलला जातो. पुढच्या महिन्यात प्रोसेसरची नवी पिढी आली, की जुन्या मालाचा भाव सुटीपेक्षा जास्त पडतो.
- नोंदवलेल्या मागणीची खास किंमत. एखाद्या ग्राहकाची मोठी गरज आपण कंपनीकडे सर्वांत आधी नोंदवली, तर त्या सौद्यासाठी खास दर मिळू शकतो. म्हणून ग्राहकाची गरज निविदा निघण्याआधी समजणे महत्त्वाचे.
- सेवा. बसवणी, नेटवर्कचे काम, दुरुस्ती, वार्षिक देखभाल करार, बॅकअपची व्यवस्था. इथे भांडवल कमी आणि कौशल्य जास्त लागते.

पहिल्या तीन ठिकाणांवर दुसऱ्याचे नियंत्रण असते, चौथे आपल्या हातात असते.

४. एका ऑर्डरचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, एका सरकारी कार्यालयाकडून तुम्हाला २० लॅपटॉपची ऑर्डर मिळाली. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. जीएसटी १८ टक्के धरला आहे.

- खरेदी: ४०,००० × २० = ८,००,००० रुपये. जीएसटी १,४४,०००. वितरकाला एकूण ९,४४,०००.
- विक्री: ४२,००० × २० = ८,४०,००० रुपये. जीएसटी १,५१,२००. बिल एकूण ९,९१,२००.
- ढोबळ नफा: ४०,००० रुपये.
- पोहोच व बसवणी: नगामागे ३०० रुपये, म्हणजे ६,००० रुपये.

वितरकाने ३० दिवसांची उधारी दिली आणि कार्यालयाकडून पैसे ९० दिवसांनी आले. मधले ६० दिवस ९,४४,००० रुपये तुम्हाला कर्जाऊ आणावे लागले. व्याज वर्षाला १२ टक्के धरले, तर दिवसाला सुमारे ३१० रुपये, म्हणजे ६० दिवसांचे सुमारे १८,६०० रुपये. हातात उरले ४०,००० − ६,००० − १८,६०० = १५,४०० रुपये.

आता पैसे ९० ऐवजी १५० दिवसांनी आले असे धरा. उधारीच्या ३० दिवसांनंतर १२० दिवसांचे व्याज सुमारे ३७,२०० रुपये होते. ४०,००० मधून ६,००० आणि ३७,२०० वजा केले, की सुमारे ३,२०० रुपयांचा तोटा. माल तोच, भाव तोच, ग्राहकही तोच. फक्त तारीख बदलली. या सौद्यात उधारी संपल्यावर साधारण ११० व्या दिवशी सगळा नफा व्याजात गेलेला असतो.

यात आणखी तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली: जीएसटी पैसे आल्यावर नव्हे, बिल केल्यावर देय होतो. ग्राहकाने दमडी दिलेली नसतानाही त्या कालावधीच्या विवरणपत्रात विक्री दाखवून कर भरावा लागतो. खरेदीवरील कराची वजावट मिळते, पण त्यासाठी वितरकाने आपले बिल पोर्टलवर चढवलेले असावे लागते आणि ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसावे लागते. शिवाय तुम्ही वितरकाचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते.

दुसरी: करार अडीच लाखांहून मोठा असेल, तर सरकारी खाते जीएसटीच्या नियमांनुसार करपूर्व रकमेवर २ टक्के कापून ठेवते. वरच्या उदाहरणात १६,८०० रुपये. ते बुडत नाहीत. तुमच्या इलेक्ट्रॉनिक रोख खात्यात जमा होतात. पण बँकेत ९,९१,२०० ऐवजी ९,७४,४०० रुपयेच येतात, आणि वितरकाला द्यायचे पैसे बँकेतूनच द्यावे लागतात.

तिसरी: आयकर. छोट्या व्यापाऱ्यांसाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ४४एडी म्हणून ओळखली जाते. बँकेमार्फत आलेल्या उलाढालीवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरला जातो. किराणा किंवा दुरुस्तीच्या धंद्याला ही सोय सोयीची असते. पण लॅपटॉप विकणाऱ्याचा खरा निव्वळ नफा दोन-तीन टक्के असेल, तर एक कोटीच्या उलाढालीवर त्याला दोन-तीन लाख नव्हे, सहा लाख उत्पन्न दाखवावे लागेल. कमी नफा दाखवायचा, तर पूर्ण हिशेबवह्या ठेवाव्या लागतात आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर लेखापरीक्षणही करावे लागते. म्हणून पहिल्या वर्षापासून वह्या नीट ठेवा.

५. सरकारी खरेदी: दार एका रात्रीत बदलते तेव्हा

रायपूरमधल्या अलीकडच्या एका बदलातून या धंद्यातली मोठी जोखीम समजते. राज्यातली सरकारी खरेदी छत्तीसगड भांडार क्रय नियम २००२ नुसार होते. त्यात काही वर्षे राज्य औद्योगिक विकास महामंडळाने म्हणजे सीएसआयडीसीने ठरवलेल्या दर-करारांवर भर होता. ज्या विक्रेत्याचे नाव दर-करारात, त्याच्याकडे कार्यालये थेट ऑर्डर देत. जुलै २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खरेदी जेम पोर्टलवरून करण्याचा आणि महामंडळाचे दर-करार संपवण्याचा निर्णय घेतला.

जेम म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये ते सुरू केले. तिथे नोंदणी केलेला कोणताही पात्र विक्रेता देशभरातून भाग घेऊ शकतो. ग्राहकाच्या बाजूने पाहिले, तर स्पर्धा आणि पारदर्शकता वाढते. स्थानिक पुनर्विक्रेत्याच्या बाजूने पाहिले, तर काल रस्त्यापलीकडचे दुकान प्रतिस्पर्धी होते, आज दिल्ली आणि मुंबईचे विक्रेतेही आहेत. पण त्याच बदलामुळे रायपूरचा विक्रेता गोंदिया किंवा नागपूरच्या केंद्रीय कार्यालयालाही माल देऊ शकतो. एक दार बंद झाले आणि दुसरे उघडले. ज्याची सगळी मिळकत दर-करारावर होती, त्याला फक्त बंद झालेले दार दिसले.

जेमवर काम करायचे असेल, तर पुढील बाबी आधी तपासा.

- उत्पादकाचे अधिकारपत्र. बहुतेक मोठ्या निविदांत कंपनीने दिलेले अधिकारपत्र मागतात. ते मिळेल याची खात्री न करता भाव टाकू नका.
- वस्तूचे प्रमाणन. संगणक, ॲडॉप्टर यांसारख्या वस्तूंना बीआयएसची अनिवार्य नोंदणी लागते. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक चाचण्यांची नवी अट लागू झाली. असा बदल होतो, तेव्हा गोदामात पडलेल्या जुन्या मालाचे काय करायचे, हा प्रश्न पुनर्विक्रेत्यापुढे येतो.
- स्वीकृती प्रमाणपत्र. माल पोहोचला म्हणजे काम संपले असे नाही. संबंधित अधिकाऱ्याने पोर्टलवर स्वीकृती दिल्यानंतरच पैशाची वाट मोकळी होते. पोच, फोटो, अनुक्रमांक आणि बसवणीचा अहवाल त्याच दिवशी तयार ठेवा.

६. 'एमएसएमई'चे संरक्षण: व्यापाऱ्याला किती?

हा भाग विद्यार्थी हमखास चुकीचा लिहितात, म्हणून नीट वाचा.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. हे वाचून अनेकांना वाटते, की उद्यम नोंदणी केली म्हणजे आपलेही पैसे सुरक्षित.

तसे नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीची मुभा दिली, पण त्यांचा लाभ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच ठेवला. म्हणजे निव्वळ माल विकणाऱ्याला उशिराच्या पैशांबाबतचे हे संरक्षण मिळत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सरकारी खरेदीत ठेवलेला वाटा आणि अनामत रकमेची सवलत हीसुद्धा मुख्यतः उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे.

यातून एक व्यावहारिक मार्ग निघतो. तुम्ही दुरुस्ती, देखभाल, नेटवर्क उभारणी अशा सेवा खरोखर देत असाल, तर उद्यम नोंदणीत त्या सेवांची नोंद करा आणि सेवेचा करार व बिल वेगळे ठेवा. सेवा देणारा उद्योग या नात्याने त्या कामासाठी तुमची बाजू कायद्याने अधिक भक्कम होते. नोंदणी काम सुरू करण्यापूर्वी झालेली असावी, हे विसरू नका.

७. वाढ कशी करावी?

उलाढाल वाढणे आणि व्यवसाय वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरचा २० लॅपटॉपचा सौदा दहा वेळा केला, तर उलाढाल दहापट होईल, पण कर्जही दहापट होईल.

आता तुलनेसाठी वार्षिक देखभाल करार घ्या. समजा, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात ६० संगणक आहेत. दर संगणकाला वर्षाला १,५०० रुपये, सुटे भाग वेगळे. एकूण ९०,००० रुपये. महिन्यातून दोन ठरलेल्या भेटी, वर्षाच्या २४. प्रत्येकीचा खर्च १,००० रुपये, म्हणजे २४,०००. तातडीची २० बोलावणी, प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे १०,०००. उरले ५६,००० रुपये. भांडवल जवळजवळ अडकत नाही, आणि पुढच्या वर्षी ते संगणक बदलायचे ठरले, की ही गोष्ट तुम्हाला सर्वांत आधी कळते.

विंडोज १० चेच पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे नियमित पाठबळ संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. ज्याच्याकडे ग्राहकाच्या प्रत्येक संगणकाची यादी आहे, तो सांगू शकतो, 'तुमचे ४० संगणक चालतील, २० बदलावे लागतील, यंदा दहा बदला.' ज्याच्याकडे यादी नाही, तो फक्त भाव सांगू शकतो.

मराठी उद्योगजगतातले याचे ठळक उदाहरण पुण्याच्या क्विक हीलचे आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले आणि संगणकांचे काम शिकून घेतले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसची तक्रार पुन्हा पुन्हा दिसू लागली. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय करणारे सॉफ्टवेअर लिहिले. १९९० च्या दशकातले ते दुकान २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदले गेले. पुढे त्यांचे उत्पादन देशभर पोहोचले, तेही छोट्या विक्रेत्यांच्या जाळ्यातून.

प्रत्येक दुकानातून क्विक हील निघत नाही. पण दुरुस्तीच्या टेबलावर ग्राहकाची खरी अडचण दिसते आणि ती इतर कुठे इतक्या स्पष्ट दिसत नाही, हे या उदाहरणावरून समजते. तुमच्या टेबलावर एकच तक्रार महिन्यात दहा वेळा आली, तर ती वहीत लिहा. तुमची पुढची सेवा तिथेच असू शकते.

वाढीसाठी तीन साधे नियम सांगता येतील. एका ग्राहकावर एकूण उधारीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम अडकू देऊ नका. मागणी हातात असल्याशिवाय लवकर जुना होणारा माल भरू नका. आणि दर तिमाहीला सेवेचा वाटा किती टक्के झाला, हे मोजा.

८. 'भैया, विंडोज भी डाल देना'

रायपूरच्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येते. महाराष्ट्रात तेच मराठीत ऐकू येते. ग्राहकाला परवाना नसलेले विंडोज, ऑफिस, हिशेबाचे सॉफ्टवेअर फुकट टाकून हवे असते. नाही म्हटले, तर तो शेजारच्या दुकानात जाईल, ही भीती खरी आहे.

तरी कायदा स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३बी नुसार चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि प्रती करून देणाऱ्यालाही हा कायदा सोडत नाही. व्यवहाराच्या बाजूनेही पाहा. अशा प्रतींबरोबर अनेकदा घातक प्रोग्राम येतात. सनदी लेखापालाच्या संगणकातली सगळी माहिती कुलूपबंद झाली, तर तो तुमचेच नाव घेईल. ग्राहकाला पर्याय द्या: विंडोज आधीच असलेला लॅपटॉप घ्या, किंवा कामाला पुरेल तिथे उबंटू आणि लिब्रेऑफिस वापरा. दोन्ही मोफत आणि कायदेशीर आहेत.

जुना संगणक परत घेताना त्यातली माहिती ग्राहकासमोर पुसा आणि तशी पावती द्या. ही पाच मिनिटांची सवय जाहिरातीपेक्षा जास्त ग्राहक आणते.

९. नोकरी, व्यवसाय आणि तुमची कारकीर्द

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. नोकरी सांभाळून हा व्यवसाय करता येईल का?

सरकारी नोकरी असेल तर: केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ चा नियम १५ पूर्वपरवानगीशिवाय व्यापार करण्यास मनाई करतो, आणि कुटुंबातील व्यक्ती व्यापार करत असेल तर तेही कळवावे लागते. राज्यांचेही असेच नियम आहेत. 'दुकान भावाच्या नावावर आहे' असे म्हणून प्रत्यक्षात आपणच ते चालवणे हा मार्ग नाही.

खासगी नोकरी असेल तर: नेमणूकपत्र वाचा. दुसरे काम, हितसंबंध आणि गोपनीयता यांविषयीची कलमे त्यात असतात. लेखी परवानगी मागा. आपल्याच कंपनीला माल विकू नका आणि कंपनीच्या ग्राहकांची यादी वापरू नका. यातून मिळणारे पैसे थोडे असतात, पण गेलेले नाव परत येत नाही. रायपूरसारख्या शहरात आयटीचे प्रमुख, खरेदी अधिकारी आणि विक्रेते एकमेकांना ओळखतात.

नोकरी सोडण्यापूर्वी: तीन प्रश्न विचारा. घरखर्चाचे किमान सहा महिन्यांचे पैसे व्यवसायापासून वेगळे ठेवले आहेत का? मागच्या वर्षी पुन्हा पुन्हा काम देणारे ग्राहक किती होते? सर्वांत मोठा ग्राहक उद्या गेला, तर व्यवसाय चालेल का? तिन्हींची उत्तरे समाधानकारक नसतील, तर एका मोठ्या ऑर्डरच्या जोरावर राजीनामा देऊ नका. चौथ्या भागातला हिशेब आठवा. तीच ऑर्डर तोट्यात जाऊ शकते.

कौशल्य टिकवणे: दुकानात बसणाऱ्या अभियंत्याचे ज्ञान हळूहळू भावपत्रकापुरते उरते. चार-पाच वर्षांनी मुलाखतीला गेला, तर सांगण्यासारखे काही राहत नाही. यावर उपाय आहेत. आठवड्यातले काही तास शिकण्यासाठी राखून ठेवा. नेटवर्कचे सीसीएनएसारखे प्रमाणपत्र तीन वर्षे वैध असते. ते वेळेवर नूतनीकरण करा. प्रत्येक मोठ्या कामाची नोंद ठेवा: अडचण काय होती, काय बसवले, काय शिकलो. धंदा चालला, तर हीच वही नव्या ग्राहकाला दाखवता येते. नाही चालला, तर नोकरीच्या अर्जाला जोडता येते. विक्रीपूर्व सल्लागार, नेटवर्क अभियंता, खरेदी विभागातील तज्ज्ञ, वितरक कंपनीतील प्रादेशिक अधिकारी अशी अनेक कामे या अनुभवातून मिळू शकतात. व्यवसाय बंद करावा लागला, तरी तुमची कारकीर्द त्यासोबत संपत नाही.

सारांश

पुनर्विक्रीत वस्तू आणि तिचा भाव दुसऱ्याच्या हातात असतो. सेवा, विश्वास आणि रोख रकमेचे नियोजन आपल्या हातात असते. नफा किती, याइतकाच तो कधी हातात येतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सरकारी खरेदीचा मार्ग धोरण बदलताच बदलू शकतो, म्हणून मिळकत अनेक ग्राहकांत विभागलेली असावी. उद्यम नोंदणीचे संरक्षण निव्वळ व्यापाऱ्याला मर्यादित मिळते, सेवा देणाऱ्याला अधिक मिळते. नोकरीसोबत व्यवसाय करताना नियम पाळा, घरखर्च वेगळा ठेवा आणि कौशल्य ताजे ठेवा.

स्वाध्याय

1. चौथ्या भागातील उदाहरणात वितरकाने ३० ऐवजी ४५ दिवसांची उधारी दिली आणि पैसे ९० दिवसांनी आले, तर हातात किती रक्कम उरेल?
2. त्याच ऑर्डरसाठी प्रतिस्पर्ध्याने ४१,२०० रुपये भाव दिला. तुम्ही भाव कमी कराल का? पैसे १२० दिवसांनी येतील असे धरून हिशेबासह उत्तर लिहा.
3. अनुमानित उत्पन्नाची करसोय दुरुस्ती करणाऱ्याला फायद्याची आणि लॅपटॉप विकणाऱ्याला तोट्याची का ठरू शकते?
4. तुमच्या गावातील किंवा शहरातील एका संगणक विक्रेत्याशी बोला. त्याच्या मिळकतीत सेवेचा वाटा साधारण किती आहे आणि कोणत्या ग्राहकाकडून पैसे सर्वांत उशिरा येतात, यावर एक पान लिहा. विक्रेत्याचे नाव लिहू नका.